नागपुरात इपॉक्सीचं काम करताय? आधी हार्डनर ओळखा

इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळले की कडक होणारं प्लास्टिक. ते नव्याने शिकणाऱ्याचं सगळं लक्ष रेझिनच्या मोठ्या डब्याकडे असतं. रेझिन कोणत्या कंपनीचं, किती पारदर्शक, किलोला काय भाव. सोबतचा हार्डनरचा छोटा डबा म्हणजे आपसूक आलेली वस्तू. पण टेबल महिनाभर चिकट राहणं, फ्लोअरवर पांढरट साय येणं, कपातला माल धूर सोडत दगड होणं, ही दुखणी बहुतेक वेळा त्या छोट्या डब्याशी जोडलेली असतात. नागपुरात जरा जास्तच, कारण डब्यावर छापलेले आकडे २५ अंश सेल्सिअसचे असतात आणि आपल्याकडे २५ अंश काय ते हिवाळ्यातल्या दिवसात सापडतात.

लकडगंजातून सागाची फळी आणून रिव्हर टेबल (दोन फळ्यांमध्ये रेझिनची ‘नदी’ ओतलेलं टेबल) करणारे, हिंगण्याच्या एमआयडीसीत वर्कशॉपचं फ्लोअर करून घेणारे, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ग्लास फायबरचे नमुने बनवणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. घरात मोडलेली कपाची कडी चिकटवायची असेल तर एवढं वाचू नका, दोन नळ्यांचा अरल्डाइट आणा आणि मोकळे व्हा.

१. आत काय चालतं ते एकदा समजून घ्या

रेझिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना इपॉक्साइडचं तीन अणूंचं कडं असतं: दोन कार्बन, एक ऑक्सिजन. ताणलेलं, उघडायला टपलेलं. हार्डनर बहुधा अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेलं रसायन, असतो. त्यातला नायट्रोजन त्या कड्याच्या कार्बनला जोडला जातो, कडं उघडतं आणि नायट्रोजनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनकडे जातो. एका हायड्रोजनमागे एक कडं. नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतील तर तो पाठोपाठ दोन कडी उघडतो. हार्डनरच्या एका रेणूत असे चार-सहा हायड्रोजन असले की रेझिनचे रेणू चहूबाजूंनी बांधले जातात आणि त्यांचं एक सलग जाळं तयार होतं. तेच क्युअरिंग.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, इथे काही उडून जात नाही. ऑइल पेंटसारखं थिनर उडून वाळण्याचा प्रकार नाही, म्हणून पंखा लावून काही लवकर होत नाही. (पातळ करण्यासाठी थिनर घातलेले इपॉक्सी पेंट वेगळे, त्यांतलं थिनर तेवढं उडतं.) दुसरी, हार्डनर त्या जाळ्याचाच भाग होतो. शर्टाला जितकी काजं तितकीच बटणं लागतात. जास्तीचं बटण लोंबकळत राहतं आणि कमी पडलं तर शर्ट उघडा.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा गोंधळ. नागपुरात फायबरचं काम करणारे बरेच मिस्त्री पॉलिएस्टर रेझिनवर तयार झालेले आहेत. कूलरच्या बॉड्या, टाक्या, शेडचे पत्रे. पॉलिएस्टरमध्ये एमईकेपी नावाचं द्रव घालतात, साधारण एक ते दोन टक्के, आणि त्यालाही सगळे सरसकट ‘हार्डनर’च म्हणतात. ते फक्त सुरुवात करून देतं, त्यामुळे थंडीत थोडं जास्त आणि उन्हाळ्यात थोडं कमी घातलं तर चालतं. तीच सवय इपॉक्सीवर आणली की काम गेलंच. “थोडं जास्तच टाका ना भाऊ, लवकर सेट होते,” असा सल्ला काउंटरवर हमखास मिळेल. देणारा खोटं बोलत नसतो, दुसऱ्याच रसायनाबद्दल बोलत असतो.

२. विकत घेताना कागद मागा

इतवारीत असो की ऑनलाइन, माल घेण्याआधी या गोष्टी हातात हव्यात:

- टेक्निकल डेटा शीट, रेझिनची आणि हार्डनरची वेगवेगळी. मिसळण्याचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, ते तिथे स्पष्ट दिलेलं असतं.
- सेफ्टी डेटा शीट. हार्डनर कोणत्या अमाइनचा आहे हे दुकानदाराला ठाऊक नसलं तरी या कागदाच्या तिसऱ्या भागात घटकांची नावं सापडतात.
- डब्यावर बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख.
- मोठं काम असेल तर त्या बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट. त्यात रेझिनचं इपॉक्सी इक्विव्हॅलंट वेट (अर्थ पाचव्या भागात) आणि हार्डनरमध्ये अमाइन किती ते सांगणारी अमाइन व्हॅल्यू असते.

मोठ्या ड्रममधून पाण्याच्या बाटलीत भरून दिलेला खुला हार्डनर घेऊ नका. स्वस्त पडतो हे खरं. पण त्याचं प्रमाण कुणालाच सांगता येत नाही, आणि एका कंपनीचं रेझिन, दुसरीचा हार्डनर अशी जोडी लावायची तर प्रमाण माहीत असणं हीच पहिली अट आहे.

३. हार्डनरची कुळं

बाजारात नावं शंभर आहेत, कुळं मोजकी. कूळ कळलं की अर्धं काम झालं.

*साधे ॲलिफॅटिक अमाइन.* टीईटीए, म्हणजे ट्रायइथिलीन टेट्रामाइन, आणि त्याचा लहान भाऊ डीईटीए. पाण्यासारखे पातळ, वासाला उग्र, कामाला झपाट्याचे. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसणारी एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ ही अरल्डाइटची जोडी याच कुळातली. त्यातला एचवाय ९५१ म्हणजे टीईटीएच. लॅपॉक्स एल-१२ आणि के-६ ही अतुल कंपनीची जोडीही तशीच. पातळ लॅमिनेटला (फायबर आणि रेझिनचे थरावर थर), छोट्या नमुन्याला उत्तम. जाड ओतकामाला अजिबात नाही. ही मंडळी उष्णता फार सोडतात आणि दमट हवेत साय धरतात.

*पॉलिअमाइड.* वनस्पती तेलांपासून मिळणारी डायमर फॅटी ॲसिडं आणि पॉलिअमाइन यांच्यापासून बनतात. काकवीसारखे दाट, पिवळट-तपकिरी, संथ. प्रमाणात थोडी चूक झाली तर सांभाळून घेतात, चिकटतात पक्के, आणि क्युअर झाल्यावर जरा लवचीक राहतात. लोखंडावरचे इपॉक्सी प्रायमर बहुधा यांच्यावर चालतात. पारदर्शक टेबलावर मात्र यांचा रंग दिसतो.

*सायक्लोॲलिफॅटिक.* आयपीडीए म्हणजे आयसोफोरोन डायमाइन हा यांतला मुख्य. रंग फिका, चकाकी चांगली. सेल्फ लेव्हलिंग फ्लोअर आणि वरचा पारदर्शक थर यांच्यासाठी बहुतेक कंपन्या यालाच बेन्झिल अल्कोहोल घालून विकतात. बेन्झिल अल्कोहोल जाळ्यात बांधलं जात नाही. ते मिश्रण पातळ ठेवतं आणि साध्या तापमानाला क्रिया पुढे सरकायला मदत करतं.

*पॉलिइथरअमाइन.* पातळ, जवळपास रंगहीन, अगदी सावकाश. रिव्हर टेबलसाठी ‘डीप पोअर’ म्हणून जे किट मिळतात त्यांत बहुधा हेच असतात. क्रिया हळू म्हणून उष्णताही हळू बाहेर पडते आणि बुडबुड्यांना वर यायला वेळ मिळतो. दोन दिवसांनी माल अजून मऊ दिसला म्हणून घाबरायचं नाही.

*फेनाल्कामाइन.* हे मला सगळ्यांत जास्त आवडतं, कारण याचं मूळ काजूत आहे. काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलातला कार्डानॉल, फॉर्मल्डिहाइड आणि पॉलिअमाइन यांची क्रिया करून हा हार्डनर बनतो. कोकणात जे टरफल बोटं भाजतं म्हणून लोक जपून हाताळतात, त्याच्याच तेलापासून. थंडीत चालतो, ओलसर पृष्ठभागावर चालतो, साय फारशी धरत नाही. जहाजांच्या रंगकामात याला मोठा मान आहे. पावसाळ्यात तळघर किंवा पाण्याच्या टाकीच्या बाहेरच्या बाजूचं काम निघालं तर याचीच चौकशी करा. रंग लालसर-तपकिरी असतो, तेवढं मान्य करावं लागतं.

*ॲरोमॅटिक.* डीडीएम (डायअमिनो डायफेनिल मिथेन), डीडीएस (डायअमिनो डायफेनिल सल्फोन). हे घन असतात आणि साध्या तापमानाला यांचं काम पूर्ण होत नाही. डीडीएसला तर १८० अंशांच्या आसपास भट्टी लागते, पण त्या बदल्यात मिळणारी उष्णता सोसण्याची ताकद दुसरा कुणी देत नाही, म्हणून विमानांच्या कार्बन फायबरमध्ये डीडीएस असतो. घरगुती कामाशी यांचा संबंध नाही. डीडीएम माणसात कर्करोग घडवू शकतो असा संशय असलेल्या रसायनांत गणला जातो. कुणी स्वस्तात देऊ केला तरी नको म्हणा.

पाच मिनिटांत घट्ट होणारे गोंद असतात ते या यादीत का नाहीत? त्यांत बहुधा मर्कॅप्टन, म्हणजे गंधक असलेला, हार्डनर असतो, अमाइन फक्त मदतीला. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच.

४. मोसम बघून हार्डनर ठरवा

ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. डब्यावर पॉट लाइफ, म्हणजे मिसळलेला माल वापरण्याजोगा राहण्याची वेळ, ४० मिनिटं लिहिली असेल तर ती २५ अंशांची. पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश असताना त्याच कपाला जेमतेम १४ मिनिटं मिळतील. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला की शीटवरचा आकडा फक्त वाचायचा.

उन्हाळ्यात हे करा:

- सगळ्यांत संथ हार्डनर घ्या. ‘फास्ट’ लिहिलेला डबा मे महिन्यात उघडूच नका.
- पहाटे काम सुरू करा. दुपारी चार वाजता “जरा ऊन उतरलं” असं वाटतं, पण शेडमधली हवा आणि लाकूड तापलेलंच असतं.
- बंद डबे आदल्या रात्री घरातल्या थंड खोलीत ठेवा. पाण्याच्या बादलीत ठेवायचे तर झाकण घट्ट आणि पाणी झाकणाच्या बरंच खाली हवं.
- एका वेळी थोडाच माल मिसळा.

आणि कूलर. ही खास आपल्या गावाची अडचण आहे, कुठल्याही कंपनीच्या शीटवर सापडणार नाही. वर्कशॉप थंड करायला डेझर्ट कूलर लावला की तापमान उतरतं खरं, पण कूलर हवेत पाणी सोडूनच ती थंड करतो. एप्रिल-मे मध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की इपॉक्सीला खरं तर ती वरदान आहे. कूलर लावून आपण त्या बंद खोलीत पावसाळा करतो आणि ताज्या थरावर साय येते. ओतण्याआधी खोली थंड करायला कूलर चालेल. मग तो बंद करा, दारं उघडून दमटपणा जाऊ द्या आणि मग डबा उघडा. एसी असेल तर प्रश्नच मिटला.

जुलै-ऑगस्टचा नियम साधा आहे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर कोटिंग पुढे ढकला. फ्लोअर किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा आधीच बसलेला असतो. आर्द्रता आणि तापमान दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते घ्या.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० च्या आसपास उतरतो. तेव्हा क्रिया रेंगाळते आणि पॉलिअमाइड तर जवळजवळ झोपी जातात. सकाळी उशिरा ओता, म्हणजे पहिले पाच-सहा तास उबेत जातील. रेझिनचा डबा ढगाळ किंवा तळाशी साखर साचल्यासारखा दिसला तर तो खराब झालेला नाही. शुद्ध इपॉक्सी रेझिन थंडीत स्फटिक धरतं. डबा ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवून सगळे खडे विरघळेपर्यंत थांबा, मग माल खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच वापरा. तसाच वापरलात तर खड्यातलं रेझिन हिशेबातून सुटतं.

५. प्रमाणाचं गणित

शीटवर प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. हे गणित पडताळणीसाठी आहे, किंवा जोडी वेगवेगळ्या कंपन्यांची असेल तेव्हासाठी.

इपॉक्सी इक्विव्हॅलंट वेट म्हणजे किती ग्रॅम रेझिनमागे एक मोल इपॉक्साइड येतं. नेहमीच्या द्रव रेझिनला हा आकडा १८२ ते १९२ च्या दरम्यान असतो. हार्डनरचा त्याच जातीचा आकडा म्हणजे रेणुभार भागिले क्रियाशील हायड्रोजनांची संख्या. टीईटीएचा रेणुभार १४६, हायड्रोजन सहा, म्हणून सुमारे २४.४. आयपीडीएचा रेणुभार १७०, हायड्रोजन चार, म्हणून सुमारे ४२.६.

हार्डनरचा आकडा गुणिले १००, भागिले रेझिनचा आकडा: १०० ग्रॅम रेझिनला किती ग्रॅम हार्डनर ते निघतं. रेझिन १९० चं धरलं तर टीईटीए १२.८ ग्रॅम, आयपीडीए २२.४ ग्रॅम. म्हणजे त्याच रेझिनला एक हार्डनर जवळपास दुप्पट लागतो. “हार्डनर म्हणजे दहा टक्के” हा समज किती धोक्याचा आहे ते इथे दिसतं.

टीईटीएला गणित १२.८ सांगतं आणि लॅबमध्ये १०० ला १० घालतात, हे कसं? क्रियेत तयार होणारे तृतीयक अमाइन (ज्यांच्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरलेला नाही असे) काही इपॉक्साइडना एकमेकांशीच जोडायला मदत करतात, त्यामुळे या कुळात थोडं कमी चालून जातं. ही सवलत सगळ्या कुळांना नाही.

वजन आणि माप यांत गल्लत करू नका. रेझिनची घनता १.१५ च्या आसपास, हार्डनरची साधारण ०.९७. किटवर ‘२:१ मापाने’ लिहिलं असेल आणि तुम्ही काट्यावर २:१ केलंत, तर १०० ग्रॅम रेझिनला ४२ च्या जागी ५० ग्रॅम हार्डनर गेला. जवळजवळ एक पंचमांश जास्त.

जास्त झाला तर काय होतं? मोकळी अमाइन टोकं राहतात, पृष्ठभाग मऊ आणि तेलकट लागतो, पाणी शोषतो, साय जास्त येते. कमी पडला तर मोकळी इपॉक्साइड राहतात, चिकटपणा जात नाही, आणि वरून कडक दिसला तरी आघाताने तडकतो. दोन्ही ठिकाणी नंतर वरून काही शिंपडून दुरुस्ती होत नाही. खरवडून काढायचा आणि नवा थर द्यायचा, एवढंच उरतं.

६. साहित्य आणि अंगाचा बचाव

- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. कप लहान असेल तर ०.१ ग्रॅमचा. बॅटरी उतरलेला काटा शांतपणे चुकीचं सांगतो, म्हणून आधी माहीत असलेलं वजन ठेवून बघा.
- सरळ कडांचे प्लास्टिक कप, दोन कामांना दोन. कागदी चहाचे कप नकोत, त्यांतलं मेण मालात उतरतं.
- चपट्या लाकडी पट्ट्या, पसरट ट्रे, थर्मामीटर.
- नायट्राइलचे हातमोजे, भरपूर. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे चालत नाहीत.
- चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि बंद जागेत सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

अमाइन अल्कधर्मी असतात, कातडी आणि डोळा भाजतात. डोळ्यात गेला तर सलग १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. डब्याचा फोटो सोबत न्या. त्याहून सावकाश येणारा धोका म्हणजे ॲलर्जी. महिनोन्‌महिने काही होत नाही, मग एक दिवस मनगटावर पुरळ उठतं, आणि त्यानंतर थोड्याशा संपर्कानेही उठतच राहतं. ही ॲलर्जी सहसा जन्मभर पाठ सोडत नाही. थिनरने हात धुणारे कारागीर जागोजागी दिसतील. त्यांचं बघून शिकू नका. थिनर कातडीवरचं तेल काढतो आणि रसायन आत जायला वाट करून देतो. साबण आणि पाणी. उन्हाळ्यात हातमोज्यात घाम साचतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने जोड बदला.

७. ट्रायल कप

मोठं काम सुरू करण्याआधी ५० ग्रॅमचा कप त्याच जागेत, त्याच वेळेला, त्याच काट्यावर करून बघा. मिसळल्याची वेळ, कप कोमट लागू लागल्याची वेळ, पट्टी उचलल्यावर मालाची दोरी सुटू लागल्याची वेळ वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी नख दाबा. खूण उठली तर अजून व्हायचंय. कडक वाटला तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस घासून बघा. चिकटपणा आला किंवा रंग उतरला तर क्युअर अर्धवट आहे.

वहीत तारीख आणि तापमान लिहायला विसरू नका. मार्चमधल्या ट्रायलचा मे महिन्यात उपयोग नाही.

८. मिसळणं आणि ओतणं

रेझिन आधी, हार्डनर नंतर. तीन ते चार मिनिटं सावकाश ढवळा. जोरात फेटलं की हवा शिरते. कपाच्या कडा आणि तळ पट्टीने खरवडत राहा. मग सगळा माल दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि पुन्हा मिनिटभर ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं अर्धवट मिसळलेलं रेझिन टेबलावर गेलं की तेवढाच डाग कायमचा चिकट राहतो. टेबलावर मध्येच रुपयाएवढा ओलसर ठिपका दिसला तर कारण बहुतेक हेच. कप उपडा करून शेवटचा थेंब निथळू देण्याचा मोह टाळा.

मिसळून झाल्यावर माल कपात ठेवून गप्पा मारू नका. एक मोल इपॉक्साइड उघडताना साधारण १०० किलोज्यूल उष्णता निघते. पातळ थरातून ती निघून जाते, खोल कपात अडकते. अडकली की तापमान चढतं, तापमान चढलं की वेग वाढतो, आणि मग कप हातात धरवत नाही. म्हणून ढवळून होताच ट्रेमध्ये पसरा किंवा थेट कामावर ओता. कप धूर सोडू लागलाच तर मोकळ्या हवेत, फरशी किंवा वाळूवर नेऊन ठेवा, तोंड लांब ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत कचऱ्यात टाकू नका.

अपवाद पॉलिअमाइड पेंटचा. त्याला मिसळल्यावर शीटवर सांगितलेला वेळ, बहुधा १५ ते ३० मिनिटं, मुद्दाम थांबवून मग लावतात.

जाडीची मर्यादा शीटवर असते, ती मे महिन्यात निम्मी समजा. सागाच्या दोन फळ्यांमधली खोल नदी एका दमात भरू नका. पहिला थर घट्ट झाला पण बोटाला अजून किंचित चिकट लागतोय, अशा वेळी दुसरा ओतला तर दोन्ही थर रसायनानेच जोडले जातात. ती वेळ निघून गेली तर पूर्ण कडक होऊ द्या, धुवा, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा आणि मग पुढचा थर.

९. साय आली तर

सकाळी येऊन बघता तर चकाकी गेलेली, हात फिरवला तर मेणचट. ही अमाइन ब्लश. पृष्ठभागावरच्या अमाइनने हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पकडून कार्बामेटचे क्षार केले. तेवढा अमाइन क्युअरिंगमधून गेला, आणि त्या क्षारांवर पुढचा थर धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो.

लगेच पॉलिश पेपर घ्यायचा नाही. घासलं की साय खरवडीत भरते. ती पाण्यात विरघळते, म्हणून कोमट पाणी आणि भांड्याची हिरवी घासणी. दोनदा धुवा, दर वेळी स्वच्छ कापडाने पुसून काढा, नुसतं सुकू देऊ नका. नंतर पेपर. ॲसिटोनने पुसून समाधान करून घेऊ नका, त्यात हे क्षार नीट जात नाहीत.

१०. कडक झालं म्हणजे पूर्ण झालं असं नाही

हा मुद्दा नवे लोक सोडतात आणि मे महिन्यात फोन करतात. जाळं जसजसं बांधलं जातं तसतसं त्याचं काचसंक्रमण तापमान वाढत जातं. त्या तापमानाच्या खाली माल काचेसारखा कडक, वर रबरासारखा मऊ. हे तापमान खोलीच्या तापमानाच्या थोडं वर गेलं की रेणूंना हलायला जागाच उरत नाही आणि क्रिया जवळजवळ थांबते, हायड्रोजन आणि कडी शिल्लक असतानाही. जानेवारीत २० अंशांत क्युअर केलेल्या टेबलाचं संक्रमण तापमान ५० च्या आसपासच अडकू शकतं. ते टेबल मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलं, किंवा त्यावर गरम पातेलं टेकवलं, की ठसा उमटतो. माल बनावट नसतो, अर्धवट असतो.

उपाय म्हणजे पोस्ट क्युअर. साध्या तापमानाला २४ तास होऊ द्या. मग हळूहळू ६० ते ८० अंशांपर्यंत नेऊन काही तास ठेवा. नेमका वेळ शीटवर बघा. लाकूड असेल तर ६० च्या आतच थांबा, कारण साग सुकताना आकसतो. ओव्हन नसलेल्यांसाठी नागपूरचा उन्हाळा कामाला येतो: गच्चीवरची बंद पत्र्याची खोली दुपारी चांगली तापते, थर्मामीटर ठेवून बघा. फक्त थेट ऊन लागू देऊ नका, अतिनील किरणांनी आपलं नेहमीचं, बिसफेनॉल-ए चं रेझिन पिवळं पडतं. हार्डनर कितीही फिका घेतला तरी ते पूर्ण टळत नाही. बाहेर ठेवायच्या वस्तूवर पॉलियुरेथेनचा थर देतात तो यासाठीच.

चकाकी दुसऱ्या दिवशी येते, खरी ताकद यायला साधारण आठवडा लागतो. तोवर फ्लोअरवर ट्रॉली फिरवू नका. अर्धवट क्युअर झालेला माल घासूही नका, त्या धुळीत मोकळे अमाइन असतात.

११. उरलेला माल ठेवताना

हार्डनरचं झाकण लावण्याआधी तोंड पुसा. उघडा राहिला की हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतो आणि तोंडाशी पांढरे खडे धरतात. असा डबा पारदर्शक कामाला नको, आतल्या गोंदकामाला वापरून टाका. पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात कधीच काढून ठेवू नका, अमाइन त्यांना खातात. रेझिन आणि हार्डनरच्या झाकणांची अदलाबदल झाली तर डबा पुन्हा उघडत नाही, म्हणून दोन्हींवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा. फायबरचंही काम करत असाल तर एमईकेपी इपॉक्सीच्या हार्डनरपासून आणि पॉलिएस्टरला वेग देणाऱ्या कोबाल्टपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवा. एमईकेपी आणि कोबाल्ट थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

मिसळून उरलेलं रेझिन नालीत ओतू नका. जुन्या पत्र्यावर पातळ पसरून घट्ट होऊ द्या आणि मग टाका. डब्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा, आणि वर्षभर पडून राहिलेला डबा हाती लागला तर थेट कामावर न नेता पुन्हा ५० ग्रॅमचा कप करून बघा.